अजिंठ्याची भिंत आणि छायाचित्राची चौकट

महाराष्ट्रातील बौद्ध कुटुंबांत अजिंठ्याचा पहिला परिचय बहुधा लेण्यांत होत नाही. तो घरातच होतो. दिनदर्शिकेचे पान, मंगल परिणयाची पत्रिका, धम्मपरिषदेची स्मरणिका, एखाद्या ग्रंथाचे मुखपृष्ठ, अशा कोठेतरी हाती नीलकमल घेतलेला, मस्तकी मुकुट ल्यालेला आणि दृष्टी खाली वळविलेला तो चेहरा आपण लहानपणापासून पाहिलेला असतो. आपण त्यास ओळखतो आणि तो आपला आहे असेही मानतो. परंतु हा चेहरा कोणाचा, तो कोणत्या लेण्यात आहे, त्याच्या शेजारी कोण आहे आणि तो कोठे पाहत आहे, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी पुष्कळांची अडचण होते. यात दोष पाहणाऱ्याचा नाही. ज्या रीतीने अजिंठा छापला जाऊन आपल्यापर्यंत पोहोचला, त्या रीतीतच या अडचणीचे मूळ आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय अजिंठ्याची चित्रे हा नसून त्या चित्रांची छायाचित्रे हा आहे. विशेषतः छायाचित्रकार बेनॉय के. बहल यांनी १९९१ च्या सुमारास लेण्यांतील मंद प्रकाशात घेतलेली आणि १९९८ साली 'द अजंता केव्हज' या ग्रंथात प्रसिद्ध झालेली रंगीत छायाचित्रे आमच्यासमोर आहेत. ज्या वाचकांनी ती पाहिली नसतील त्यांनी ती अवश्य पाहावीत, असे आम्ही आरंभीच सांगतो. परंतु केवळ शिफारस करून थांबल्याने समीक्षेचे काम पुरे होत नाही. आम्ही कलासमीक्षक नाही. पाली वाङ्मयाचे अभ्यासक आहोत. त्यामुळे या छायाचित्रांस आम्ही विचारणार तो प्रश्न एकच आहे. ती पाहिल्यावर अजिंठ्याची भिंत वाचता येते काय?

या प्रश्नाचे मोल कळण्यासाठी गेल्या दोन शतकांत या भिंतींकडे कोण कसे पाहत आले, हे थोडक्यात आठवले पाहिजे. १८१९ च्या एप्रिल महिन्यात मद्रास इलाख्याच्या घोडदळातील जॉन स्मिथ नावाचा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघोरा नदीच्या घळीत आला आणि त्यास लेणी दिसली. दहाव्या लेण्यातील एका खांबावर, चित्र काढलेल्या भागावरच, त्याने आपले नाव व तारीख कोरून ठेवली. अजिंठ्याच्या आधुनिक इतिहासातील हे पहिले पाहणे होय, आणि चित्रावर उमटलेली ही पहिली आधुनिक जखमही होय. पाहणे आणि इजा करणे यांची ही जोडी पुढेही वारंवार दिसते.

१८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने मेजर रॉबर्ट गिल यांची चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक केली. गिल यांनी आयुष्याची पुष्कळ वर्षे येथे घालविली. त्यांनी तैलरंगांत केलेल्या मोठमोठ्या नकला लंडनला गेल्या आणि तेथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या. १८६६ च्या आगीत त्यांपैकी बहुतेक जळून गेल्या. गिल यांनी कॅमेराही हाताळला. त्यांची ७४ छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन यांच्या विवेचनासह १८६४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. परंतु त्या काळच्या कॅमेऱ्यास भरपूर उजेड लागे आणि रंग तर त्यास टिपताच येत नसत. त्यामुळे ती छायाचित्रे प्रामुख्याने वास्तूची आणि शिल्पांची आहेत. आतल्या अंधारातील चित्रे कॅमेऱ्याच्या आवाक्यात आली नव्हती. १८७९ साली गिल यांचे निधन झाले. त्यांची कबर भुसावळला आहे.

त्यानंतर मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह आले. १८७२ ते १८८५ या काळात त्यांनी सुमारे तीनशे नकला सिद्ध केल्या. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे चित्रकार या कामात घडले, ही गोष्ट भारतीय चित्रकलेच्या इतिहासात मोलाची आहे. परंतु याच काळात चित्रे अधिक स्पष्ट दिसावीत म्हणून भिंतींवर व्हार्निश लावण्यात आले. तेवढ्यापुरते रंग उजळले, आणि कालांतराने व्हार्निश पिवळे पडून काळवंडले. त्याखालील चित्र पूर्वीपेक्षा अधिक झाकले गेले. नकलांचेही दुर्दैव ओढवले. लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन येथील संग्रहालयात ठेवलेल्या त्या नकलांपैकी बऱ्याच १८८५ मध्ये आगीत नष्ट झाल्या. उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्स यांचे दोन खंड १८९६-९७ मध्ये निघाले. आज भिंतीवर नाहीसे झालेले काही भाग आपणांस त्या नकलांतच पाहावयास मिळतात, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

विसाव्या शतकात हाच क्रम चालू राहिला. १९०९ ते १९११ या काळात लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम यांनी नंदलाल बोस, असितकुमार हालदार आदी तरुण चित्रकारांच्या साहाय्याने नकला केल्या. जपानचे चित्रकार अराई काम्पो यांनी १९१७ च्या सुमारास केलेल्या नकला १९२३ च्या टोकियोच्या भूकंपात नष्ट झाल्या. निजाम सरकारने १९२० नंतर इटालीहून तज्ज्ञ बोलावून चित्रांचे रक्षण करविले. सुटणारा गिलावा त्यांनी धरून ठेवला, परंतु वर दिलेला लाखेचा लेप पुढे काळा पडला. हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांचा 'अजंता' हा ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात चार भागांत निघाला. त्यातील छायाचित्रे ई. एल. व्हासी यांची होती, आणि अजिंठ्याचे रंग छायाचित्राच्या द्वारे मोठ्या प्रमाणावर जगासमोर आले ते या ग्रंथामुळे.

हा इतिहास आम्ही कोणास दोष देण्यासाठी सांगितला नाही. यातील बहुतेकांचे अजिंठ्यावर प्रेम होते आणि त्यांच्या श्रमांवाचून आपला अभ्यास उभा राहिला नसता. परंतु एक गोष्ट स्पष्ट दिसते. चित्र स्वच्छ आणि ठळक दिसावे, आपल्या सोयीने दिसावे, या इच्छेने भिंतीस जेवढी इजा झाली, तेवढी पुष्कळ शतकांच्या विस्मृतीने झाली असेल काय, अशी शंका येते. तथागतांनी तण्हेविषयी जे सांगितले त्यास या भिंती एक उदाहरण पुरवितात. पाहण्याचीही तृष्णा असते.

बहल यांच्या कामाचे पहिले श्रेष्ठत्व आम्हांस येथे दिसते. त्यांनी भिंतीवर प्रखर प्रकाश टाकला नाही. लेण्यात जो मंद उजेड मिळेल त्यावर भिस्त ठेवून, कॅमेऱ्याची झडप बराच वेळ उघडी ठेवून त्यांनी फिल्मवर चित्र उमटू दिले. हे ऐकावयास सोपे वाटते. करावयास फार अवघड असते. फिल्ममध्ये निरनिराळ्या रंगांस संवेदनशील असे वेगवेगळे थर असतात, आणि दीर्घ काळ प्रकाश घेताना ते सारख्या प्रमाणात काम करीत नाहीत. त्यामुळे एखादी छटा उगाच हिरवट वा तांबूस होऊन जाते. वाघोरेच्या वळणावरील लेण्यांची तोंडे वेगवेगळ्या दिशांस असल्याने प्रत्येकात उजेड येण्याची वेळही निराळी असते. शिवाय भिंत सपाट नाही. कातळावर माती, भाताचे तूस व वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्या कोरड्या पृष्ठावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालविलेले रंग, अशी ती रचना आहे. समोरून झगझगीत प्रकाश टाकला की उरलेले व्हार्निश चमकते, पृष्ठभागाचे चढउतार नाहीसे होतात आणि चित्र मढविलेल्या कागदासारखे दिसू लागते.

बहल यांच्या छायाचित्रांत हा दोष नाही. काळपट तपकिरी म्हणून आपण जी भिंत सोडून देतो, तिच्यातून गेरूचा तांबडा, पिवळी माती, हिरवी माती आणि दूरच्या अफगाण प्रदेशातून आलेल्या लाजवर्दाचा निळा रंग सावकाश वर येताना दिसतात. पहिल्या लेण्यातील बोधिसत्त्वाच्या अलंकारांतील मोती जाड रंगाच्या ठिपक्यांनी काढलेले आहेत, हे छायाचित्रातही जाणवते. ज्या चित्रकारांनी हे रंगविले त्यांनी दिव्याच्या वा परावर्तित उजेडात काम केले असणार. त्या उजेडास जुळणारी दृष्टी छायाचित्रकाराने स्वीकारली, म्हणून त्याच्या हाती हे यश आले. घाई न करता, वस्तूवर आपली इच्छा न लादता, ती जशी आहे तशी दिसेपर्यंत थांबणे, यास आपल्या परंपरेत यथाभूत पाहणे असे म्हणतात. एका छायाचित्रकारास हा शब्द लावताना आम्हांस संकोच वाटत नाही.

येथवर स्तुती झाली. आता आमच्या मूळ प्रश्नाकडे वळतो.

सोळाव्या लेण्यातील एक चित्र 'मरणासन्न राजकन्या' या नावाने जगप्रसिद्ध आहे. मान कललेली, डोळे मिटत आलेली एक स्त्री आसनावर रेलली आहे. दासी तिला सावरीत आहेत. एकोणिसाव्या शतकात हे नाव पडले आणि ग्रिफिथ्स यांनी त्यातील करुणरसाची मुक्तकंठाने प्रशंसा केली. परंतु ही स्त्री मरत नाही. जवळच एक सेवक मुकुट घेऊन उभा आहे. तो मुकुट नन्दाचा आहे. तथागतांचा धाकटा भाऊ नन्द याने प्रव्रज्या घेतली, ही वार्ता मुकुटाच्या रूपाने घरी आली आणि त्याची पत्नी मूर्च्छित झाली, असा तो प्रसंग आहे. पाली परंपरा तिला जनपदकल्याणी म्हणते. अश्वघोषाच्या 'सौन्दरनन्द' काव्यात तिचे नाव सुन्दरी आहे. नाव बदलताच चित्राचा अर्थ बदलतो. मरणासन्न राजकन्येपुढे आपण केवळ हळहळतो. जनपदकल्याणीपुढे मात्र प्रश्न उभा राहतो. एकाचा मुक्तीचा मार्ग दुसऱ्याच्या दुःखातून जातो तेव्हा धम्म त्या दुःखाकडे कसा पाहतो? चित्रकाराने ते दुःख झाकले नाही. विहाराच्या भिंतीवर, भिक्खूंच्या डोळ्यांसमोर मांडले. हा धीटपणा कथा कळल्यावाचून समजत नाही.

दुसरे उदाहरण पहिल्या लेण्यातील. परकी वेषातील पुरुष एका राजास नजराणे देत आहेत, असा एक प्रसंग तेथे आहे. फर्ग्युसन यांनी १८७९ साली असे मत मांडले की, हा इराणच्या दुसऱ्या खुस्रोकडून चालुक्य नृपती दुसरा पुलकेशी याच्या दरबारी आलेला वकील होय. हे मत दीर्घ काळ पाठ्यपुस्तकांत राहिले आणि त्यावरून लेण्याचा काळ सातव्या शतकापर्यंत खाली ओढण्यात आला. पुढील संशोधकांनी हा प्रसंग महासुदस्सन राजाच्या कथेशी जोडला. ती कथा दीघनिकायातही आहे आणि जातकांतही आहे. वाकाटक नृपती हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, हे लेणे झाले असे वॉल्टर स्पिंक यांच्यासारख्या अभ्यासकांनी आयुष्यभराच्या कामातून दाखविले. धम्मकथेच्या जागी दरबाराचा इतिहास वाचला गेला, कारण वाचणाऱ्यास दरबाराचीच भाषा येत होती.

तिसरे उदाहरण आम्हांस सर्वांत जवळचे वाटते. दहावे लेणे अजिंठ्यातील अतिप्राचीन लेण्यांपैकी असून इसवी सनापूर्वीचे आहे. त्याच्या दर्शनी कमानीवरील ब्राह्मी लेखात वासिठीपुत कटहादी या दात्याचे नाव आहे. आतील भिंतीवर साम जातकाचे चित्र आहे. आंधळ्या मातापित्यांसाठी पाणी आणावयास गेलेला तरुण, राजाचा बाण, विलाप करणारे वृद्ध. मराठी माणूस हे पाहताच 'श्रावणबाळ' म्हणेल, आणि पुढे जाईल. पण थांबून पाली कथा वाचावी. सामाचे माता आणि पिता दोघेही निषादांच्या, म्हणजे शिकार करून जगणाऱ्यांच्या, कुळात जन्मलेले आहेत. तरीही ते हिंसा नाकारून अरण्यात राहतात. मुलास बाण लागल्यावर ते राजास शाप देत नाहीत. सत्यवचनाच्या बळावर साम पुन्हा उठतो, आणि ज्याने बाण मारला त्याच पिलियक्ख राजास राजधर्म शिकवितो. श्रावणाच्या कथेत मुलगा मरतो आणि शाप उरतो. येथे निषादपुत्र जगतो आणि राजा शिष्य होतो. सुमारे दोन हजार वर्षे ही कथा महाराष्ट्राच्या कातळावर रंगविलेली आहे, आणि आपण तिच्यासमोर उभे राहून दुसऱ्याच कथेचे नाव घेतो. याहून मोठी विस्मृती कोणती?

आता प्रश्न असा की, छायाचित्र ही विस्मृती घालविते की वाढविते? बहल यांच्या ग्रंथात जातककथांच्या टिपा दिलेल्या आहेत. त्या संगीतिका निगम यांनी लिहिल्या आहेत. याचे श्रेय दिले पाहिजे, कारण केवळ देखण्या चित्रांचे ग्रंथ पुष्कळ निघतात. तथापि ग्रंथाची पाने मुख्यतः तपशिलांस वाहिलेली आहेत. एक मुख, एक हस्तमुद्रा, एक युगुल, एक हत्ती. पान उलटले की दुसरे मुख. प्रत्येक तपशील अप्रतिम आहे, आणि तरीही ग्रंथ मिटल्यावर आमच्या मनात चेहरे राहिले, भिंत राहिली नाही.

ही उणीव एका व्यक्तीची नाही. ती चौकटीच्या स्वभावातच आहे. अजिंठ्याच्या चित्रकाराने चौकटी आखल्या नाहीत. कथेतील प्रसंग काळाच्या क्रमाने एका रांगेत न मांडता तो पुष्कळदा स्थळाच्या आधारे मांडतो. राजवाड्यात घडलेले सारे एकीकडे, अरण्यात घडलेले दुसरीकडे. तेच पात्र एकाच भिंतीवर चार ठिकाणी दिसते. विद्या देहेजिया यांनी या पद्धतीस जाळ्याची उपमा दिली आहे. सतराव्या लेण्यातील वेस्सन्तराची कथा वा त्याच लेण्यातील उजव्या भिंतीवर पसरलेली सिंहलाची कथा एका जागी उभे राहून कळत नाही. मागे यावे लागते, पुन्हा पुढे जावे लागते, आणि कथा जाणणारा कोणीतरी सोबत असावा लागतो. भिक्खू आणि उपासक यांच्यातील संवाद हा त्या चित्राचाच एक भाग होता. छायाचित्र हा संवाद तोडून एक क्षण आपल्या हाती देते.

लेखारंभी ज्याचा उल्लेख केला त्या चेहऱ्याकडे आता परत येऊ. पहिल्या लेण्यात गर्भगृहाकडे जाणाऱ्या दालनाच्या दाराशी डाव्या हातास हा बोधिसत्त्व उभा आहे. उजव्या हातास दुसरा आहे. त्यांस पद्मपाणी व वज्रपाणी असे म्हणण्याचा प्रघात आहे. या दोघांच्या मधून आत गेले की समोर कातळात कोरलेले तथागत धम्मचक्रप्रवर्तनाच्या मुद्रेत बसले आहेत. आसनाखाली चक्र आणि मृग आहेत. म्हणजे ज्या चेहऱ्यावर आपल्या दिनदर्शिका थांबतात, तो चेहरा कोणास थांबविण्यासाठी काढलेलाच नाही. तो दारात उभा आहे. त्याची खाली वळलेली करुण दृष्टी आत जाणाऱ्यासाठी आहे, आणि आत सारनाथचे प्रवचन चालू आहे. छायाचित्रकाराने चेहरा घेतला, मुद्रकाने त्यातील आणखी कापून केवळ मुख ठेवले, आणि आपण दारातील माणसासच घर समजून बसलो.

काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या पालीच्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्यास गेलो होतो. पहिल्या लेण्यात गर्दी होती. विजेरीचा झोत बोधिसत्त्वाच्या मुखावर पडला, सर्वांनी 'वा' म्हटले, आणि झोत बाजूस वळताच गर्दी बाहेर पडली. गर्भगृहापर्यंत फार थोडे गेले. आमच्यापैकी एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, सगळे इथूनच का परत जातात?" त्या प्रश्नातूनच प्रस्तुत लेख निघाला आहे.

येथे आपल्या वाचकांच्या मनात येणाऱ्या एका आक्षेपाचा विचार करणे अगत्याचे आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बुद्धिवाद ही बुद्धवचनाची एक कसोटी मानली. वृद्ध, रोगी व मृत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला ही रूढ कथा त्यांनी स्वीकारली नाही. रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा त्यांनी पुढे आणला. आत्म्याच्या पुनर्जन्मास तर त्यांनी स्पष्ट नकार दिला. मग पूर्वजन्मांच्या कथांनी भरलेल्या भिंतींचा आपण एवढा कळवळा का धरावा? आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्यास बगल देणे योग्य नाही.

आमचे उत्तर असे. जातकातील पूर्वजन्म हे कथेचे वेष्टन आहे. आत नीतीचा विचार आहे, आणि तो कधी राजास, कधी व्यापाऱ्यास, कधी हत्ती-वानरास पात्र करून सांगितलेला आहे. वेष्टनावर श्रद्धा ठेवण्याचे बंधन आपणांवर नाही. जी कसोटी बाबासाहेबांनी ग्रंथांस लावली ती भिंतींसही लावावी. निषादाच्या पोराने राजास शिकविणे त्या कसोटीस उतरते काय? आमच्या मते उतरते. राजपुत्र वेस्सन्तराने दानाच्या नावाखाली स्वतःची मुले देऊन टाकणे उतरते काय? आमच्या मते उतरत नाही, आणि तसे मोकळेपणाने म्हणावे. परंतु हो किंवा नाही म्हणण्यासाठी आधी कथा माहीत असली पाहिजे. केवळ सुंदर चेहरा पाहणाऱ्यास स्वीकाराचाही अधिकार उरत नाही आणि नकाराचाही. तो फक्त मोहित होतो. मोह हे तर तीन अकुशल मुळांपैकी एक आहे.

यातून छायाचित्रकलेपुढे आणि ग्रंथरचनेपुढे एक काम उभे राहते. कॅमेऱ्यात आज फिल्मची अडचण राहिलेली नाही. अल्प प्रकाशात टिपणारी यंत्रे आली आहेत आणि अनेक छायाचित्रे जोडून संपूर्ण भिंत एकसंध दाखविणे शक्य झाले आहे. नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनी संगणकाच्या साहाय्याने अजिंठ्याच्या चित्रांची पुनर्रचना करण्याचे काम दीर्घकाळ चालविले आहे, ही मराठी माणसास अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. अशा पुनर्रचनेत एक पथ्य मात्र सर्वांनीच पाळावे, असे आम्हांस वाटते. भिंतीवर जे आहे आणि अभ्यासकाने जे भरून काढले आहे, त्यांतील सीमारेषा पाहणाऱ्यास दिसली पाहिजे. पालीच्या संपादित ग्रंथात आपण गळालेली अक्षरे कंसात देतो. चित्रासही तोच न्याय लावावा. नाहीतर कागदावर नवे व्हार्निश चढेल, आणि पुढच्या पिढीस खाली काय होते ते कळणार नाही.

आमची अपेक्षा मोठ्या खर्चाच्या ग्रंथाची नाही. मराठीत एक साधी चित्रपोथी व्हावी. तिच्यात एका वेळी एकच भिंत घ्यावी. प्रथम संपूर्ण भिंत. मग प्रसंगांस क्रमांक घातलेली तिची रेखाकृती. मग पाली जातकाचा सरळ मराठी सारांश. आणि त्यानंतर तपशील. चेहरे शेवटी यावेत. दाता ज्ञात असेल तर त्याचे नाव द्यावे. सोळावे लेणे हरिषेणाचा सचिव वराहदेव याने दिले, सव्विसावे बुद्धभद्र या भिक्खूने करविले, हे शिलालेखांतून कळते. ज्यांनी रंगविले त्यांची नावे मात्र भिंतीने ठेवली नाहीत. ती उणीवही त्याच पानावर लिहावी, कारण कष्ट करणाऱ्यांची नावे कशी गळतात हे आपल्या समाजास वेगळे सांगावे लागत नाही.

विहारांनीही यात वाटा उचलावा. पद्मपाणीचे मोठे चित्र लावण्यास आमचा विरोध नाही. परंतु त्याच्या शेजारी दहाव्या लेण्यातील सामाची भिंत लावावी, आणि वर्षावासात एखाद्या रविवारी कोणी जाणत्याने ती बोट ठेवून मुलांस वाचून दाखवावी. ज्या मुलास ती कथा येते, ते मूल लेण्यात गेल्यावर विजेरीच्या झोतामागे धावणार नाही. ते अंधारास डोळे सरावेपर्यंत थांबेल.

बहल यांच्या छायाचित्रांचे आम्ही जे ऋण मानतो ते याच थांबण्यासाठी. त्यांनी उजेडाची वाट कशी पाहावी हे दाखविले. वाचण्याचे काम राहिले आहे. ते छायाचित्रकाराचे नाही, आपले आहे.